चंद्र दिसला तर : एका बोलक्या आखाजीचं प्रकरण

स्टुडिओच्या काचेवर चिकटवलेला तो कागद माझ्याकडं अजून आहे. मधोमध स्केचपेननं ओढलेली उभी रेघ. डावीकडं लिहिलंय ‘चंद्र दिसला’, उजवीकडं ‘नाही दिसला’. खाली सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंतचे तास, आणि निम्म्याहून जास्त तासांसमोर दोन्हीकडं वेगळा मजकूर. वर तारीख : २२ एप्रिल २०२३, शनिवार. त्या दिवशी आखाजी, म्हणजे खान्देशातली अक्षय तृतीया होती. आदल्या संध्याकाळी कोर दिसली, तर रमजान ईदही त्याच दिवशी होणार होती.

केंद्र तापीच्या उत्तरेला, चोपडा आणि यावल यांच्या मधल्या पट्ट्यात. सामुदायिक रेडिओ. २००६ च्या धोरणानं संस्थांना असा परवाना मिळायला लागला. प्रभावी शक्ती १०० वॅटपर्यंत, अँटेना ३० मीटरपर्यंत, त्यामुळे आवाज जातो तो दहा-पंधरा किलोमीटर. ९६३ किलोहर्ट्झवरचं आकाशवाणी जळगाव सगळा जिल्हा ऐकतो. आमचं ऐकणारी गावं बोटावर मोजता येतात, पण त्यांची बोली दर पाच कोसांवर बदलते. पश्चिमेकडून अहिराणी येते, पूर्वेकडून लेवा बोली, आणि सातपुड्याच्या पायथ्याला तडवींची वस्ती. तडवी म्हणजे भिल्लांतले मुसलमान. आखाजी नि ईद एकत्र येणार म्हटल्यावर आमच्या श्रोत्यांत दोन बाजू नव्हत्या, निदान तीन होत्या.

मी तिथं बाहेरची. कार्यक्रमांची आखणी करून द्यायला आठवड्यातून दोन दिवस जायचे. केंद्र चालवणाऱ्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात, मला ‘ताई’.

दिवसभर नुसतं बोलायचं, ही कल्पना कुणाच्या प्रतिभेतून निघालेली नाही. फिल्मी गाणी वाजवण्याचा परवाना मार्चअखेर संपला होता आणि नूतनीकरणाला पैसे नव्हते. सणाच्या दिवशी गाण्याविना पंधरा तास कसे भरायचे, हा प्रश्न होता. भाऊ म्हणाले, “ताई, गाणी नाहीत तर बोलू. आखाजीला सगळं गाव बोलतंच.” नंतर एका बैठकीत हे केंद्राचं ‘धोरण’ म्हणून सांगितलं गेलं. मी गप्प राहिले.

दोन रकाने कशाला?

रमजानचे रोजे त्या वर्षी आपल्याकडं २४ मार्चला सुरू झाले, म्हणजे २१ एप्रिलला एकोणतिसावा. त्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाहीतर तिसावा रोजा आणि ईद रविवारी. २० तारखेला अमावस्या होती, सूर्यग्रहणही (ते आपल्याकडं दिसणार नव्हतं). अमावस्येनंतरची पहिली कोर म्हणजे ईदचा चंद्र, आणि वैशाखाची शुद्ध तृतीया म्हणजे आखाजी. दोन्ही सण एकाच अमावस्येवर टांगलेले. म्हणून २०२१ मध्ये १४ मेला, २०२२ मध्ये ३ मेला हे दोन्ही एकाच दिवशी आले होते. त्या दोन्ही वर्षी एकोणतिसाव्याला चंद्र दिसला नव्हता, तिसावा रोजा धरूनच ईद झाली, त्यामुळे तारीख एक पूर्ण दिवस आधी पक्की होती. २०२३ मध्ये सगळं शुक्रवारच्या संध्याकाळवर होतं.

चंद्र दिसला नसता, तर शनिवारी आमच्या श्रोत्यांतल्या कितीतरी जणांचा रोजा असता. अशा वेळी दुपारी बाराला आमरस आणि पुरणपोळीचं चवदार वर्णन लावायचं? लावायला बंदी नाही, पण बरं दिसत नाही. म्हणून उजव्या रकान्यात दुपारी स्वयंपाकाऐवजी सालदारांचा, म्हणजे सालगड्यांचा, कार्यक्रम होता आणि खाण्याचं सगळं संध्याकाळी, रोजा सुटल्यावर. सकाळचा कबरस्तानचा भागही उजवीकडं नव्हता. तो का होता, ते पुढं येईल.

दुसरी अडचण आली ती आमच्याच पंचांगातून. तृतीया शनिवारी सकाळी पावणेआठनंतर लागत होती आणि रविवारी सकाळी पावणेआठच्या आतबाहेर संपत होती. म्हणजे शनिवारच्या सूर्योदयाला द्वितीया, रविवारच्या सूर्योदयाला तृतीया. “मग आखाजी आज का उद्या?” असे फोन गुरुवारपासून सुरू झाले. तिथी दिवसाच्या पूर्वार्धात पुरेशी हवी, या हिशेबानं शनिवारच खरा, आणि कॅलेंडरांतही शनिवारच छापलेला. पण ज्यांच्या घरी सूर्योदयाची तिथी धरायची रीत, त्या म्हाताऱ्या काही ऐकेनात. गंमत म्हणजे चंद्राचा निकाल शुक्रवारी रात्री एका निरोपात लागला, तिथीचा वाद मात्र शनिवारी दुपारपर्यंत चालू होता.

आम्ही पितरांच्या घागरीचा कार्यक्रम साडेसहावरून आठला सरकवला. सहा ते आठ काय, तर पाण्याच्या वेळा, एसटीच्या फेऱ्या, माहेरी निघालेल्या लेकींचे निरोप.

‘उद्या ईद’ ही बातमी आहे का?

सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून लावता येतात, एवढंच. मात्र हवामान, परीक्षा, वीज-पाण्याच्या सूचना, सण-उत्सवांची माहिती ही बातमी धरली जात नाही. चंद्र दिसल्याची घोषणा सणाची माहिती म्हणून चालते, हे भाऊंनी परवान्याची फाईल काढून पुन्हा वाचून घेतलं. तरी माझा आग्रह होता की आपण चंद्र ‘पाहायचा’ नाही. छतावर जाऊन फोन उंचावणारी दोन पोरं आमच्याकडं होतीच. गावच्या मशिदीतून जाहीर झाल्याशिवाय माईकवर शब्द जाणार नाही, असं ठरलं. वाक्यही आधीच लिहून ठेवलं, म्हणजे उत्साहात कुणी फुलं उधळणार नाही.

शुक्रवारी सात वाजता सूर्य गेला. साडेसातच्या सुमाराला मशिदीतून फोन आला. आमची निवेदिका तेव्हा एकवीस वर्षांची, बीएच्या शेवटच्या वर्षाला. तिनं फेडर (माईकचा आवाज वाढवायची पट्टी) वर केला आणि वाचलं, “उद्या ईद आहे. उद्याच आखाजी आहे.” मग थोडी थांबली आणि कागदावर नसलेलं एक वाक्य बोलली, “ज्यांना दळण आणायचं राहिलंय त्यांनी आत्ताच निघा.” गिरण्या शनिवारी बंद राहणार होत्या. पूर्ण संध्याकाळीत याहून कामाचं वाक्य दुसरं नव्हतं.

कागदाचा उजवा अर्धा भाग तिनं तेव्हाच फाडायला घेतला. मी थांबवलं, म्हणून तो शिल्लक आहे.

नावांचा तास

आखाजीला खान्देशात पितरांची घागर भरतात. मातीच्या घागरीवर पाण्याचा छोटा लोटा, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, कैरी किंवा आंबा. उंबरठ्याची पूजा करताना एकेका पूर्वजाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट उमटवतात. दुपारी चुलीत घास टाकून त्यांना जेवायला बोलावतात, ती आगारी. बाहेरच्यांना अक्षय तृतीया म्हटलं की साडेतीन मुहूर्त आणि सोनं आठवतं. आमच्याकडं आधी मेलेली माणसं आठवतात, मग झोका, मग पत्ते.

तेव्हा आठ ते नऊ या तासात श्रोत्यांनी पाठवलेली पूर्वजांची नावं वाचायची, एवढीच कल्पना होती. ती वाढली ती तांत्रिक काम पाहणाऱ्या तडवी मुलामुळे. तो वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “ताई, नमाज झाली की आमच्याकडंबी कबरस्तानात जातात. तीबी नावं घ्यायची का?” घ्यायची. त्यामुळे तास दीड तासाचा झाला.

नियम तीनच केले. आडनाव वाचायचं नाही, कारण आडनावाबरोबर जात येते. नाव, गाव आणि पाठवणाऱ्याचं नातं, एवढंच. आणि निरोप ज्या क्रमानं येतील त्याच क्रमानं वाचायचे, वेगळे गठ्ठे करायचे नाहीत.

सव्वाआठला एका गृहस्थांचा फोन आला. आवाज चढलेला. आमच्या पितरांच्या रांगेत ही दुसरी नावं कशाला? भाऊंनी फोन घेतला. “जिभाऊ, निरोप आले तसे वाचतोय. तुमच्या आजोबांचं नाव सातवं आलं, सातवं वाचलं. पुढचा निरोप पाठवा, तोही वाचतो.” पलीकडं जरा वेळ शांतता. मग त्यांनी चुलत्याचं नाव सांगितलं. यापेक्षा लांब समजावणी झाली असती, तर प्रकरण चिघळलं असतं असं मला वाटतं. अकरा वाजता ‘सलोखा’ या विषयावर दोन प्रतिष्ठितांची चर्चा ठेवली होती. ती आदल्या दिवशी ऐकून पाहिली, तेव्हाच मला घाम फुटला होता. दोघंही एकमेकांच्या सणांचं इतकं कौतुक करत होते की श्रोत्याला त्यांच्यात भांडण आहे असा संशय यावा.

नावांच्या तासात मी ज्यासाठी अजिबात तयार नव्हते, ते निराळंच निघालं. निरोप उघडत गेलो तसं लक्षात आलं : आजोबा, पणजोबा, खापरपणजोबांची नावं तीन-तीन पिढ्या येताहेत, बायकांची येत नाहीत. कुठं ‘आणि आजी’ असं लिहिलेलं. कुठं नुसती ‘बुढीमाय’. एका अमळनेरकडच्या माणसानं आवाजी निरोप पाठवला, “मन्हा आजलानं नाव सांगस. आजीनं माले ठाऊक नही, तिले समदा मायच म्हनेत.” लग्नात नाव बदललेलं, मग कुणाची तरी आई, कुणाची तरी सासू. तिचं पाळण्यातलं नाव ज्यांना माहीत होतं ती माणसं तिच्याही आधी गेलेली. तडवी वस्तीतून आलेल्या निरोपांतही तेच, तिथं ‘दादीमा’.

निवेदिकेनं काचेतून माझ्याकडं पाहिलं. हे वाचायचं कसं? मी टॉकबॅकवर (काचेपलीकडं बोलायच्या माईकवर) सांगितलं, आलंय तसं वाच. तिनं वाचलं : “अमुक गावाहून आजोबा, त्यांचं नाव असं असं. आणि आजी, नाव घरात कुणाला ठाऊक नाही.” अशी चार-पाच झाल्यावर निरोपांचा सूर पालटला. लोक घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायला लागले. “थांबा, मोठ्या काकांना फोन लावतोय, सांगतो,” असेही निरोप आले. एका मुलीनं लिहिलं की आजीच्या जुन्या पेटीवर नाव कोरलेलं आहे, अक्षर लागत नाही, पहिलं अक्षर ‘स’ दिसतंय. निवेदिकेनं तेही वाचलं.

दुपार

साडेबाराच्या आगेमागे वीज गेली. एप्रिलमधली दुपार, त्यात सण, कुणाला नवल वाटलं नाही. इन्व्हर्टरवर ट्रान्समीटर, मिक्सर आणि एक माईक चालेल एवढाच भार घेता येत होता. एसी बंद, दुसरा संगणक बंद. आणि आधी ध्वनिमुद्रित केलेले सगळे कार्यक्रम त्याच संगणकावर. चूक माझी. आखणी करताना दुपारचा दीड तास मी पूर्ण मुद्रितावर टाकला होता, कारण निवेदिकांनाही घरी जेवायला जाता यावं. एका पेनड्राइव्हवर प्रत ठेवावी हे सुचलं नाही.

प्राध्यापकांचं अक्षय तृतीयेच्या पुराणकथांवरचं भाषण चालू होतं, ते अर्ध्या वाक्यात तुटलं. खरं सांगायचं तर ते बावीस मिनिटांचं होतं, आणि सणाच्या दिवशी बावीस मिनिटं एका जागी बसून ऐकणारा माणूस खान्देशात नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. पुरुष पारावर पत्ते कुटत असतात, बायकांचे हात पिठात. फोनवर एफएम ऐकायचं तर इअरफोनची वायर अँटेना म्हणून लागते, आणि स्वयंपाकघरात मी पाहिलंय ते असं : इअरफोन फोनला खोचलेला, वायर भिंतीतल्या खिळ्याला टांगलेली, आवाज स्पीकरवर. खाली चूल, वर रेडिओ. त्या खिळ्याखाली टिकेल अशीच गोष्ट सणाला टिकते. सात-आठ मिनिटांच्या वर काहीही घ्यायचं नाही, हे मी तेव्हापासून पाळते.

निवेदिका एकटी माईकवर. घड्याळात पन्नास मिनिटं शिल्लक. तिनं दोन मिनिटं वीज गेल्याचं सांगितलं, पाणी जपून वापरा म्हणाली, आणि मग आपला फोन मिक्सरला लावून थेट आपल्या आईला लावला.

“माय, काय करी ऱ्हायनी?”

“काय करसू? खापर तपी गयं. ठेव फोन, मन्हा हात पीठना शेतस.”

“ठेवू नको. रेडिओवर शे तू.”

“मंग पहिले सांगाले नको का?”

पुढची बारा मिनिटं त्या बाईंनी फोन कोनाड्यात ठेवून मांडे केले. मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. पुरण भरलेला उंडा पोळपाटावर थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत, झोकत वाढवायचा, कोपरापर्यंत पसरला की उपड्या मातीच्या खापरावर टाकायचा. त्या हे काही समजावून सांगत नव्हत्या. त्या सुनेवर ओरडत होत्या. “जाळ कमी कर. कमी कर म्हंतस ना!” मधेच एक फटकारल्यासारखा आवाज यायचा, पोळी हातावरून हातावर पडण्याचा. लेक विचारायची, माय, आता काय? “आते काय, फाटनी.” ती फाटलेली पोळी कुणी खाल्ली याचीही मग चर्चा झाली. शेवटी आगारीची वेळ झाली, तसा त्यांनी फोन बंद केला. रेडिओ असो नाहीतर कुणी असो, पितरांचा घास टाकताना बोलायचं नसतं, असं म्हणाल्या.

आमच्या स्टुडिओत तेव्हा पंखाही बंद, मिक्सरवर घामाचे थेंब, आणि तडवी मुलगा ट्रान्समीटरच्या खोलीचं दार उघडं धरून पुठ्ठ्यानं वारा घालत उभा. शेवटी त्यानं शक्ती थोडी कमी केली. दूरच्या दोन गावांतून ‘खरखर येतेय’ असे फोन आले. कुणीही ‘गाणी लावा’ म्हणालं नाही. दिवसभरात तशी मागणी दोनदाच आली, दोन्ही पत्त्यांच्या अड्ड्यावरून.

वीज दोनच्या आत आली. ‘सलोखा’ अकरालाच होऊन गेला होता, त्याबद्दल एकही निरोप नव्हता, ना बरा ना वाईट. ईदच्या शिरखुर्म्याचा भाग आम्ही घाईघाईनं मांड्यांच्याच साच्यात घातला : तडवी मुलानं घरी चुलतीला फोन लावला. पण चुलतीला आधी कळवलं होतं, त्यामुळे त्या फारच शुद्ध आणि नेटकं बोलल्या. दूध किती, शेवया किती, खारका कधी भिजवायच्या. पाककृती छान निघाली. कार्यक्रम नाही.

संध्याकाळचं थोडक्यात. आखाजीपासून सालदाराचं नवं वर्ष धरतात, जुना मालक सोडायचा की तिथंच साल करायचं ते या दिवसांत ठरतं. चहाच्या टपरीवर मुद्रित केलेला तो कार्यक्रम मला सर्वांत जास्त आवडला होता, पण त्यात एकानं मालकाचं नाव घेऊन हिशेब काढला. ते ठेवलं असतं तर चालू घडामोडींत गेलं असतं आणि त्या माणसाचं कामही. काढलं. उरलेलं बरं होतं, धार गेलेली. सोन्याच्या दुकानांच्या जाहिरातींनी तासातली तेव्हाची सात मिनिटांची मर्यादा जवळजवळ रोजच गाठली जायची. त्या दिवशी जिंगल न वाजवता निवेदिकेनं मजकूर वाचावा असं मी सुचवलं. एक दुकानदार सोडून सगळे तयार झाले. सहा वाजता लिंबाच्या झोक्यावरून थेट प्रक्षेपण केलं, त्यात दोराच्या करकरीपुढं बायांची गाणी अर्धीच ऐकू आली. मला तो दोष वाटला नाही. भाऊंना वाटला.

नंतर

प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवणं परवान्यानुसार बंधनकारक आहे. जुलै संपताना हार्ड डिस्क भरली, आणि काय पुसायचं याची यादी माझ्याकडं आली. नावांचा तास आणि मांडे ठेवले, बाकी गेलं. ऑगस्टमध्ये प्राध्यापकांचा फोन आला, आपल्या भाषणाची प्रत हवी होती. अर्ध्यात तुटलेली प्रत शोधतो असं भाऊंनी सांगितलं. ते खोटं होतं.

२०२३ मध्ये श्रावण अधिक आला आणि गाठ सुटली. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, त्यामुळे २०२४ मध्ये ईद ११ एप्रिलला झाली आणि आखाजी १० मेला, मधे जवळजवळ महिना. आता हे दोन सण पुन्हा एका दिवशी यायला तीसेक वर्षं जावी लागतील. १० मेचा कागद एकाच रकान्याचा होता. गाण्यांचा परवाना तोवर परत आला होता, तरी आठचा तास नावांसाठीच राखला, आणि ईदच्या सकाळी तडवी मुलानं स्वतःच वेगळा अर्धा तास मागून घेतला होता.

त्या आखाजीला पहिला निरोप आठ वाजायच्या आधीच येऊन पडलेला होता. पेटीवालीचा. अक्षर सुताराकडून उजळून घेतलं, असं तिनं लिहिलं होतं, आणि खाली आजीचं नाव.